किती चालली?

आपल्याकडे मोटारसायकलीला उभ्या जन्मात दोनच प्रश्न विचारले जातात. नवी असली तर "ॲव्हरेज किती देते?" आणि जुनी असली तर "किती चालली?" मुलाचा पगार आणि मुलीचे वय एवढे विचारून सोयरीक जुळवणाऱ्या मंडळींकडून याहून खोल चौकशीची अपेक्षा करू नये, हे मला कळते. तरीही माझी तक्रार आहे. सोयरीक जुळवताना मुलगा 'घेतो' का, हे निदान एखादी आत्याबाई आडून आडून विचारून घेतेच. मोटारसायकल तेल पिते का, हे मात्र कोणी विचारत नाही.

'मायलेज' या शब्दाचे आपण काय करून ठेवले आहे पाहा. ज्यांचा हा शब्द, त्यांच्याकडे 'हाय मायलेज' गाडी म्हणजे भरपूर मैल तुडवलेली, दुनिया पाहिलेली गाडी. आपल्याकडे 'हाय मायलेज' म्हणजे लिटरला सत्तर-ऐंशी देणारी. शब्द तोच, पण तिकडे तो गाडीच्या आयुष्याविषयी बोलतो आणि इकडे मालकाच्या खिशाविषयी. एका लिटरात किती जाते याचा हिशोब पैशापर्यंत तोंडपाठ, पण एका जन्मात किती जाते याचा पत्ता नाही. नळाला थेंब गळतो म्हणून रात्रभर जागायचे आणि टाकीला भोक पडले आहे तिकडे बघायचे नाही, अशातला हा प्रकार आहे.

दुसऱ्या एखाद्या गावाला हे अज्ञान माफ करता येईल. आमच्या गावाला नाही. आमचे गाव म्हणजे छत्रपती संभाजीनगर, २०२३ पर्यंतचे औरंगाबाद. येथून जवळच वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आहे. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९८६ साली बजाजची केबी १०० ही कावासाकीच्या भागीदारीतली मोटारसायकल बाजारात आली, १९९८ साली वाळूजहून कॅलिबर बाहेर पडली, आणि त्या चाकांच्या मागोमाग सगळे गावच फिरू लागले. आज आमच्या आळीत कुणाचा मामा गिअर कापतो, कुणाचा मेव्हणा शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्या घासतो, कुणाची सून क्वालिटी विभागात बसून त्या नळ्या नापास करते. कोकणात पोरे बाठीवरून आंब्याची जात सांगतात. इथली पोरे गच्चीवर झोपल्या झोपल्या आवाजावरून कुणाचा बाप सेकंड शिफ्टहून आला ते सांगतात. अशा गावात, जिथे अर्ध्या संसारांची चूल मोटारसायकलीवर पेटते, तिथेही जुन्या गाडीसमोर उभा राहिलेला मनुष्य खाली वाकून मीटर बघतो आणि तोंड वाकडे करतो! जिथे पिकते तिथे विकत नाही ही म्हण ऐकली होती. जिथे बनते तिथे कळत नाही, हे इथे बघायला मिळाले.

आता जरा हिशोब करू. सिडकोतून वाळूजला कामाला जाणारा माणूस घ्या. येऊन-जाऊन रोजचे चाळीस किलोमीटर धरा, वर्षाचे तीनशे दिवस धरा. झाले बारा हजार. दहा वर्षांत एक लाख वीस हजार. पृथ्वीचा घेर साधारण चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे हा गृहस्थ हँडलला डबा अडकवून पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून आला, आणि बायकोची तक्रार अशी की, हे मेले कधी वाळूजच्या पलीकडे घेऊन गेले नाहीत. शिवाय त्याच्या वाटेवर पंढरपूर नावाचे गाव आहे. विठ्ठलाचे देऊळ आहे, आषाढीला तिथे गर्दी लोटते. म्हणजे प्रदक्षिणांच्या जोडीला रोज येता-जाता दोन वाऱ्या! एवढे पुण्य गाठीला बांधलेल्या गाडीला आपण म्हणतो, "फार चाललेली आहे, नको."

या बाबतीत जागतिक पुरावाही हजर आहे. ज्या १९८५ साली वाळूजचा कारखाना सुरू झाला, त्याच साली जानेवारीत अर्जेंटिनाचा एमिलिओ स्कॉटो नावाचा गृहस्थ होंडा गोल्डविंग मोटारसायकलीवर बसून घराबाहेर पडला. तो परत आला १९९५ साली. मधल्या दहा वर्षांत त्याने एकाच मोटारसायकलीवर ७,३५,००० किलोमीटर केले. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे. म्हणजे हा चंद्रावर जाऊन परत यायला थोडाच कमी पडला. ही गाडी आमच्या आळीत विकायला आणली असती तर तिला भंगाराच्या भावाने तरी कोणी घेतले असते की नाही, शंका आहे. आणि घेतलेच असते तर आधी विचारले असते, "ॲव्हरेज किती देते?"

माझ्या स्वतःच्या गाडीचे मीटर पाच आकड्यांचे आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. चांगले बोललो तर जाहिरात होते आणि वाईट बोललो तर कंपनीचा एखादा कामगार आळीतच भेटतो. ९९,९९९ झाल्यावर या मीटरने एक सुस्कारा सोडला आणि पुन्हा शून्यापासून बाराखडी सुरू केली. आज ते अडतीस हजारांवर आहे. म्हणजे खरे १,३८,०००. मध्यंतरी जागेच्या अडचणीपायी ती विकावी असे घरात ठरले. (ठरवणारे मी नव्हे.) तेव्हा एक गृहस्थ बघायला आले. सोबत 'गाडीतलं सगळं कळणारा' मेव्हणा होता. असा मेव्हणा प्रत्येक खरेदीला असतोच. त्याने टायरला लाथ मारली, हॉर्न वाजवला, आरसा हलवला आणि मीटरमध्ये डोकावून जाहीर केले, "दाजी, अडतीस हजार. घ्या."

"एक लाख अडतीस हजार," मी म्हणालो.

दाजींचा चेहरा पडला. मेव्हण्याने मला बाजूला घेतले. "काका, तुम्ही बोललाच नसता तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं की."

यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी यापूर्वी फक्त भर दुपारी स्वेटर घातलेल्या माणसाकडे बघताना पाहिली होती. किंमत जागच्या जागी निम्मी झाली. पुढे दाजींनी दुसरीकडून 'डॉक्टरांची, एकहाती, फक्त चौदा हजार चाललेली' गाडी घेतली. तीन महिन्यांत तिचे इंजिन उघडून फळीवर मांडलेले मी स्वतः पाहिले. या देशात डॉक्टरांनी जेवढ्या मोटारसायकली विकल्या आहेत तेवढी डॉक्टरांची संख्या असती, तर आपल्याला सरकारी दवाखान्यात रांगा लावाव्या लागल्या नसत्या.

माझा खरा राग इथे आहे. खरे बोलणाऱ्याचा भाव निम्मा आणि मीटर मागे फिरवणाऱ्याचा पुरा. पूर्वी त्यासाठी मीटर उघडून आकड्यांची चाके बोटाने फिरवावी लागत; निदान थोडे कष्ट तरी होते. आता आकडे विजेवर उमटतात आणि यंत्र जोडून ते काही मिनिटांत बदलून देणारे तज्ज्ञ निघाले आहेत. आपणच 'किती चालली?' हा एकच प्रश्न विचारतो, म्हणून त्या एकाच प्रश्नाचे खोटे उत्तर तयार ठेवणे परवडते. दहा प्रश्न विचारले असते, तर दहा खोटी उत्तरे पाठ करताना त्याची दमछाक झाली असती. आणि नाडला कोण जातो? ज्याला नवी गाडी परवडते तो नव्हे. ज्याने भिशीचे पैसे उचलून पोराला कॉलेजसाठी किंवा स्वतःला शिफ्टसाठी जुनी गाडी घेतली, तो.

त्याच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. मीटर खोटे बोलते, पायाखालचे रबर खोटे बोलत नाही. चौदा हजार चाललेल्या गाडीचा ब्रेकचा खटका घासून आरशासारखा झाला असेल, हँडलच्या मुठींवरची नक्षी गेली असेल, किल्लीचे भोक सैल झाले असेल, तर मीटरला नमस्कार करा आणि चालू लागा. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मालक म्हणतो गाडी २०२२ ची आणि टायर 'मूळचेच', तर टायर आधी जन्मला आणि गाडी मागून, असे होते. बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. ते गरम लागले तर तुमच्या येण्याआधी कोणीतरी दहा किका मारून ते जागे केले आहे. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला सांगा आणि मागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे गाडी तेल पिते. आत्याबाईंचा तो प्रश्न असा विचारायचा असतो.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, यंत्र आहे, जेवढे चालेल तेवढे झिजणारच. बरोबर आहे. पण 'तेवढे' म्हणजे केवढे? रात्रभर उभ्या गाडीच्या इंजिनातले तेल खाली उतरून बसते. सकाळी किक मारल्यावर ते वरपर्यंत पोचते तोवर आतले भाग कोरडेच एकमेकांवर घासतात. झिजेचा मोठा वाटा या घटकाभरात उरकतो. शिवाय थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही. त्यातले थोडे तेलात उतरते आणि जळताना झालेले पाणीही तिथेच मुरते. गाडी तास-दोन तास पळाली तर इंजिन तापून हे सारे उडून जाते. गुलमंडीवरून क्रांती चौकापर्यंत जाऊन बंद केली, तर ते आतच राहते. पुण्याचे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी एका चालीने वरच्या गिअरमध्ये जाते, क्लच-ब्रेकला फारसे काम नसते. तेवढेच किलोमीटर गावात, अडीच-अडीचच्या तुकड्यांनी केले, तर शंभर वेळा किक, हजार वेळा क्लच आणि दर वेळी अर्धवट तापलेले इंजिन. दोन्हींचे मीटर सारखेच दाखवणार! म्हणूनच लांब पल्ल्याच्या गाडीचे लाख किलोमीटर गावगाडीच्या चाळीस हजारांपेक्षा हलके असू शकतात. एका दमात गायलेला ख्याल आणि शंभरदा खाकरून सुरू केलेला ख्याल यांत गळा कशाने बसतो, हे गाणाऱ्याला विचारा.

आणि अजिबात न चालणारी? तिच्याइतकी फसवी वस्तू नाही. आमच्या समोरच्या इमारतीत एका सद्गृहस्थांची मोटारसायकल सहा वर्षे कापडी झग्यात उभी आहे. दसऱ्याला झगा निघतो, झेंडूचा हार चढतो, नारळ फुटतो, चौकापर्यंत एक फेरी होते आणि झगा परत चढतो. मीटर तीन हजार दोनशे. "जपून ठेवलीय," ते अभिमानाने सांगतात. जपून ठेवायला ती काय पैठणी आहे? कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून चिकटा राहतो आणि जेट बुजतात. टाकी आतून गंजते. बॅटरी मरते. रबरी नळ्या आणि टायर कडक होऊन चिरतात. त्यातून आताच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. टाकीत पेट्रोल, ऊस आणि पाणी एकत्र नांदू लागले की गाडीचे काय होत असेल, याची कल्पना करा. सीटखाली उंदीर संसार थाटतो तो वेगळाच. माझ्या ओळखीचे जुन्या शहरातले एक मेस्त्री, ज्यांना मी चाचा म्हणतो, त्यांचे या विषयावरचे भाषण एका ओळीचे आहे: "सरजी, चलती गाडी नै मरती. खडी गाडी मरती."

इथे माझा भाचा मध्ये तोंड घालतो. त्याने अलीकडेच खास लांब पल्ल्याची म्हणून मोठी मोटारसायकल घेतली आहे. "मामा, तुमची गाडी कम्युटर. ही टूरिंग." गाडीला लोखंडी कठडे आहेत, दोन्ही बाजूंना पेटारे आहेत आणि एवढे दिवे आहेत की रात्री ती येताना वरात आल्यासारखी वाटते. अंगात जाड जाकीट, तेही मराठवाड्याच्या मे महिन्यात. लडाखला जाऊन-येऊन त्याने पाच हजारांच्या आसपास किलोमीटर केले आणि खारदुंगलाच्या पाटीखाली फोटो काढला. त्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते; उपग्रहाच्या मोजणीत ती खिंड सुमारे १७,५८२ फूट भरली. म्हणजे मीटर फिरवण्याच्या बाबतीत आपण हिमालयालाही सोडले नाही. फरक एवढाच की, तिथे पुढे फिरवले.

"एक लाख अडतीस हजार?" भाचा म्हणाला. "आणि अजून चालते?"

"अरे, चालली म्हणूनच एवढे झाले ना?"

त्याच्या गाडीची चेन मी बोटाने चाचपली. कोरडी ठणठणीत, वर लडाखची धूळ तशीच. हजारोंचे पेटारे लावणाऱ्याने शंभर-दोनशे रुपयांचे तेल चेनला दाखवले नव्हते. टूरिंग ही गाडीची जात नाही. ती मालकाची सवय आहे. वेळेवर तेल, स्वच्छ एअर फिल्टर, टॅपेटची सेटिंग, चेनला ताण आणि वंगण. एवढे करणाऱ्याची शंभर सीसीची गाडीही टूरिंग, आणि न करणाऱ्याची हजार सीसीची गाडी ही नुसती वरात. पूर्व आफ्रिकेत बोडा-बोडा म्हणून माणसे वाहणाऱ्या आपल्याकडच्या बॉक्सर दिवसभर लाल मातीत पळतात. त्यांना कोणी पेटारे लावलेले नसतात; बसतात ती दोन-तीन माणसे आणि कधी एखादी बकरी.

मी असे म्हणत नाही की, जुनी तेवढी सोने. वाईट हातात गेलेली गाडी लाखाच्या आधीच गतप्राण होते, आणि ढिला कोनसेट किंवा झिजलेले ब्रेक घेऊन हायवेवर जाणारा स्वतःबरोबर दुसऱ्यालाही घेऊन जातो. झिजणारे भाग बदललेच पाहिजेत. आजीच्या गोधडीसारखे आहे हे. दर दोन वर्षांनी एक ठिगळ नवे, मूळ लुगड्याचा तुकडा कुठे आहे ते आजीलाही सांगता येत नाही, पण ऊब तीच. मात्र ठिगळाला कापड मिळाले पाहिजे! मोटारसायकल झिजून मरते त्यापेक्षा "पार्ट येत नाही आता" या चार शब्दांनी जास्त मरते. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी भाग जमवणारे शौकीन आणि मेस्त्री होते म्हणून कितीतरी येझदी अजून धावतात. बुलेटचे इंजिन दशकानुदशके फारसे बदलले नाही, म्हणून तिचा नट खेड्यातही मिळाला. आता दर वर्षी दिवा नवा, स्टिकर नवा, नाव नवे. जाहिरातीत छापतात, शून्यावरून साठावर किती सेकंदांत जाते. मला त्यात रस नाही. साठ हजारांवरून लाखावर कशी जाते, आणि तोवर तुम्ही क्लचची प्लेट विकणार आहात की नाही, ते छापा. छापायची छाती असेल तर पहिल्या पानावर छापा.

सरकारचा हिशोब तिसराच. बाजार किलोमीटर मोजतो, कायदा वर्षे मोजतो. खासगी मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी, पर्यावरण कर आणि पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. वीस वर्षांपुढच्या दुचाकीची नूतनीकरणाची फी २०२५ साली दोन हजार रुपये झाली. तपासणीला माझी हरकत नाही. धूर, ब्रेक, दिवे जरूर बघा. पण सहा वर्षे झग्यात उभी आणि पंधरा वर्षे रोज वाळूजला गेलेली, दोघींना नुसत्या जन्मतारखेवरून एका रांगेत उभे करू नका. अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोपाचा नारळ हातात पडलेल्या, पण इंजिन ठणठणीत असलेल्या आमच्या आळीतल्या दहा-बारा माणसांचा या मुद्द्यावर मला बिनशर्त पाठिंबा आहे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी जुन्या गाडीसमोर उभे राहाल तेव्हा 'किती चालली?' विचारण्याआधी 'कोणी चालवली, तेल कधी बदललं, बिलं आहेत का?' एवढे विचारा. बिलांची फाईल काढून देणाऱ्याला लाख किलोमीटरसाठी पैसे कापू नका. जमल्यास चहा पाजा. आणि गाडी तुमची स्वतःची असेल, तर यंदाच्या दसऱ्याला झेंडू महागला की एवढे करा: हार निम्म्या लांबीचा आणा आणि उरलेल्या पैशांत इंजिनचे तेल बदलून घ्या. गाडी हारावरून रागावणार नाही. फार तर शेजारी रागावतील, आणि त्यांची गाडी तशीही झग्यात आहे.